तीन अक्षरांचं साल

नारळी पौर्णिमेचा नारळ गुणाजीने रीतसर खाडीला दिला आणि खाडीने तो भरतीबरोबर धक्क्याशी आणून परत केला. सोनेरी कागद तसाच, वर थोडा फेस. बाळकुमच्या खाडीत हल्ली कारखान्यांच्या फेसाशिवाय काही येत नव्हतं, त्यामुळे तिने नारळ परत केला याचं वाडीत कुणाला नवल वाटलं नाही. गुणाजीने मात्र मनाला लावून घेतलं. "यंदा कायतरी होनार," असं तो दर वर्षी म्हणायचा तसं यंदाही म्हणाला, आणि ओटीवर येऊन भावांची वाट बघत बसला.

भाऊ येणार होते ते साल बदलायला. खाडीच्या धारेत खुंट मारून जाळं बांधायच्या चार जागा या घराच्या होत्या. त्यांना कागद नाही, सातबारा नाही. पण कुठून कुठपर्यंतचं पाणी गुणाजीच्या घराचं हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. भाऊ तिघे, म्हणून एकेका नारळी पौर्णिमेला एकेकाचं साल सुरू व्हायचं. ज्याचं साल त्याचं जाळं आणि त्याचीच मासळी. आता मासळी संपून एक तप उलटलं होतं. मधला दामाजी शहाडच्या कारखान्यातून रिटायर झाला होता, धाकटा सहदेव डोंबिवलीत ब्लॉक घेऊन विमा कंपनीत साहेब झाला होता. पण साल सोडायला कोणी तयार नव्हतं. सरलेल्या सालात दामाजीला त्या पाण्यातून एक रबरी चप्पल मिळाली होती, तीही डाव्या पायाची. तरी तो शहाडहून मुद्दाम येऊन खुंट हलवून बघून जायचा आणि आपल्या हक्काला कुणी हात लावला नाही याचं समाधान घेऊन परतायचा.

आत प्रमोदिनी नारळ खवत होती. गुणाजीची सून, रतनची बायको, चेंदणी कोळीवाड्यातली बी. कॉम. झालेली मुलगी. लग्नाआधी नौपाड्यातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये ती कॉम्प्युटर शिकवायची; लग्नानंतर ते बंद झालं, कारण सुनेने रिक्षा करून नौपाड्याला जायचं तर धक्क्यावर मासळी कोण विकणार, असा प्रश्न निघाला. मासळी नाहीच, हे कुणी लक्षात आणून दिलं नाही. एरवी साल बदलायचा हा सोहळा तिला दर वर्षी फुकटचा तमाशा वाटायचा. आज मात्र खवताना दोनदा तिच्या बोटाची साल गेली होती.

कारण गेली दोन वर्षं या घरात चार नव्हे, पाच जागांची सालं बदलत होती. पाचवी जागा पाण्यात नव्हती. ती कुठे होती हे ओटीवरच्या एकालाही धड सांगता आलं नसतं.

झालं होतं असं. प्रमोदिनीचा मावसभाऊ विठ्ठल न्यू जर्सीत होता. सत्त्याण्णव साली त्याने फोनवर सांगितलं की इकडे लोक प्लॉट घेऊन ठेवावेत तशी इंटरनेटवरची छोटी छोटी नावं घेऊन ठेवतायत. नाव जितकं लहान तितका भाव मोठा, कारण मोठमोठ्या कंपन्यांना शेवटी तेच नाव लागतं आणि मग त्या मालकाच्या दाराशी येतात. प्रमोदिनीने हे रतनला सांगितलं आणि रतनने आपली कल्पना म्हणून बापाला सांगितलं. गुणाजी चौथी शिकलेला, पण त्याला ते पहिल्या दमात कळलं.

"म्हंजे जाग्याला जागा नाय, पन मालकी हाय," तो म्हणाला होता. "आपल्या पान्यासारखीच की!"

त्याला ते इतकं चटकन कळलं नसतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

तिघांनी वर्गणी काढली. नाव म्हणून तिघांची इंग्रजी आद्याक्षरं घ्यायची ठरली, मागे डॉट कॉम. थोरल्याकडून धाकट्याकडे अशी अक्षरं मांडली तर ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. धाकट्याकडून थोरल्याकडे मांडली तर मोकळं. महिनाभर घरात कोणी कोणाशी बोललं नाही. आपलं अक्षर शेवटी ही गोष्ट गुणाजीच्या जिव्हारी लागली. अमेरिकेत वडीलधाऱ्यांना मान नसतो हे त्याने ऐकलं होतं, पण तो अपमान बाळकुमपर्यंत चालत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. शेवटी नाव घेतलं गेलं, आणि पुढल्या नारळी पौर्णिमेला गुणाजीने निकाल दिला की जागा आहे तर तिला सालही आहे. पहिलं साल थोरल्याचं, मग मधल्याचं, मग धाकट्याचं. वर्षभर त्या नावाचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या साली गुणाजीने काहीच केलं नाही. दुसऱ्या साली दामाजीने तेच नेटाने पुढे चालवलं.

मग या जूनमध्ये विठ्ठलचा फोन आला. नावाची मुदत संपत आली आहे, पुन्हा फी भरा, नाहीतर नाव सुटेल.

प्रमोदिनीने रतनला सांगितलं. रतन म्हणाला, "बाबांना विचार." बाबा म्हणाले, "ज्याचं साल त्यानं बघावं, बाय. दुसऱ्याच्या खुंटाला हात लावायची आपली रीत नाय." साल दामाजीचं होतं, म्हणून तिने शहाडला फोन लावला. दामाजी म्हणाला, "आषाढातला खुंटाचा खर्च पुढल्या सालवाल्याचा. बापजाद्यापासून चालत आलंय." हेही खरंच होतं, पावसात खुंट बदलतात ते पुढे ज्याला वापरायचे त्याच्या पदराने. मग तिने डोंबिवलीला फोन लावला. सहदेव म्हणाला, "माझं साल पौर्णिमेला लागतं, सूनबाई. त्याआधी हात लावला तर दामा मला चोर म्हणेल." हेही खरं होतं, दामाजी म्हणालाच असता. आणि तिघांनाही मनातून खात्री होती की पावसाळ्यात जागा मोकळी दिसली म्हणून कोणी दुसऱ्याच्या पाण्यात खुंट मारत नाही. खाडीच्या कायद्याने प्रत्येक जण बरोबर होता. तो कायदा अमेरिकेत लागू नाही, एवढंच कुणाच्या ध्यानात आलं नाही.

प्रमोदिनीने मुदत संपेपर्यंत वाट बघितली. मुदतीनंतर थोडी सवलत असते, ती संपेपर्यंतही बघितली. मग विठ्ठलला फोन करून म्हणाली, "यंदा राखीची ओवाळणी म्हणून सेंटची बाटली नको पाठवूस. ते नाव सुटलं की माझ्या नावाने घे. फक्त माझ्या." विठ्ठलने घेतलं. आणि त्यानंतर आठवडाभराने नावाच्या जुन्या नोंदीतला बाळकुमचा पत्ता घेऊन नौपाड्याचा सीताराम दलाल दारात उभा राहिला. एरवी खोल्या-गाळ्यांची दलाली करणाऱ्या या माणसाने आता इंटरनेटच्या नावांचाही धंदा सुरू केला होता. परळच्या एका औषध कंपनीची आद्याक्षरं नेमकी तीच आणि त्याच क्रमाने होती. त्याने आकडा सांगितला तेव्हा खुंट बघायला आलेल्या दामाजीने "रुपयांत का?" असं दोनदा विचारून घेतलं.

तेव्हापासून प्रमोदिनीचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. तिला बंगला नको होता. डोंबिवलीच्या अलीकडे, दिवा स्टेशनजवळ एक खोली हवी होती. दिव्यात पाण्याची मारामार, इमारतींना धड प्लॅस्टर नाही, हे सगळं तिला माहीत होतं. पण स्वतःचं दार, स्वतःची चूल, आणि समोरच्या भिंतीला लावून एक जुना कॉम्प्युटर, शिकवणीपुरता. लग्नाला सहा वर्षं झाली, ती सहाही वर्षं मागत होती आणि रतन "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होता. रतन वाईट नव्हता. त्याला शेवटी जो बोलेल त्याचं पटायचं, एवढाच त्याचा दोष, आणि या घरात शेवटी नेहमी बाप बोलायचा. नाव आपलं आहे हे ओटीवर सांगावं लागणार, हे तिला कळत होतं. सांगितल्यावर नाव राहील, पण रतन राहील का, हे कळत नव्हतं. जीव अडकला होता तो तिथे.

दामाजी केळ्यांचा घड घेऊन आला आणि बसायच्या आधीच घड्याळ बघायला लागला. सहदेव मागोमाग आला, मिठाईचा खोका घेऊन, इस्त्रीच्या पँटीत. रतन खांबाला टेकून बसला, बापापासून हातभर अंतरावर, नेहमीच्या जागी. खाडीच्या चार जागांची सालं सुपारीच्या पहिल्या खांडातच बदलून झाली. मग गुणाजीने घसा साफ केला.

"आता त्या कंप्युटरच्या जाग्याचं."

"त्यात बोलायचं काय?" दामाजी म्हणाला. "गिऱ्हाईक माझ्या सालात आलं. इकलं तर माझ्या सालातला माल. मोठा वाटा माझा, तुमाला खुशीनं देन ते देन."

"साल संपलं तुझं," सहदेव म्हणाला. "दादांनी सकाळी नारळ दिला, तिथे तुझं साल संपलं. आता माझं सुरू."

"चंद्र उगवल्याबिगर साल बदलत नाय!"

"नारळ पडला की बदलतं. आपले आबा होते तेव्हापासून बघतोय मी."

"पडला, पन परत आला ना?" दामाजीने धक्क्याच्या दिशेने बोट केलं. "तो बघ, अजून तिथंच लोलतोय. खाडीनं घेतलाच नाय, तर साल बदललं कसं?"

हा मुद्दा बिनतोड होता. ओटीवरचे सगळे मिनिटभर धक्क्याशी डुचमळणाऱ्या त्या नारळाकडे बघत राहिले. आत प्रमोदिनीची सासू चंद्रभागा परातीत करंज्या मांडत होती, ती स्वतःशीच म्हणाली, "जल्ली मेली ती जागा!"

"भांडू नका," गुणाजी म्हणाला. "इकायचीच नाय तर साल कुनाचं का असंना."

मग मघापासून एकमेकांचे गळे धरायला निघालेले दोघे भाऊ एका क्षणात सख्खे झाले.

"दादा, इमोशनल होऊ नका," सहदेव म्हणाला. डोंबिवलीला गेल्यापासून तो थोरल्या भावाला अहो-जाहो करायचा आणि गुणाजीला ते शिवीसारखं लागायचं. "अशी ऑफर पुन्हा येणार नाही."

"सहदेव बरोबर बोलतो," दामाजी म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"जमिनीच्या टायमाला बी सहदेव बरोबरच बोलत होता," गुणाजी म्हणाला. "बिल्डर परत येनार नाय म्हनून इकली. आता तिथं सात माल्याची बिल्डिंग हाय, आनि मना गेटवरचा वॉचमन इचारतो, कुनाकडं जायचंय? माझ्याच शेतात! नाय. पान्यातली जागा इकली नाय, ही बी इकायची नाय."

"त्या पैशात तर याचा डोंबिवलीचा ब्लॉक झाला," दामाजीला अचानक आठवलं. "मना काय मिलालं?"

"तुझ्या मुलीचं लग्न कशात झालं?"

"ते दादानं केलं!"

असा दामाजी पुन्हा दादाच्या बाजूला आला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही, कारण दाराच्या चौकटीत आता चंद्रभागा उभी होती.

"इका," ती म्हणाली. "मना स्लॅब पायजे. दर पावसाला बारा ठिकानी टोपं मांडते मी. तुमचं पान्यातलं पानी नि माझं घरातलं पानी, दोन्ही तुमीच सांभाला आता."

बायको भावांना मिळाली हे बघून गुणाजीचा चेहरा उतरला. त्याने रतनकडे पाहिलं. रतनला बापाचंही पटत होतं आणि आईचंही, म्हणून त्याने केळ्यांच्या घडाकडे पाहिलं. प्रमोदिनी सासूच्या खांद्यामागून हे सगळं बघत होती. नावांचं विठ्ठलने सांगितलं, मोकळं नाव तिने शोधलं, तिच्या बोलण्यावरून ते घेतलं गेलं; आणि वाटे पाडताना आतापर्यंत शेतातल्या बिल्डिंगच्या वॉचमनचं नावसुद्धा निघालं होतं, तिचं निघालं नव्हतं. तिला राग आला. आणि राग आला तशी भीती थोडी कमी झाली.

तेवढ्यात फोन वाजला. रतनने उचलला.

"हां, सीतारामभाऊ, बोला... काय?... नाही, असं कसं होईल... बघा ना नीट." त्याचा आवाज बारीक होत गेला. त्याने रिसीव्हर ठेवला.

"अरे बोल ना," दामाजी म्हणाला. "कागद घेऊन येतोय ना?"

"तो बोलतोय, नाव आपलं नाहीच. मुदत संपलेली. फी भरली नाही म्हणून सुटलं, आणि कोणीतरी उचललं. मालक म्हणून अमेरिकेतला पत्ता दिसतोय."

आत गॅसवरच्या नारळीभाताचा खदखदाट ओटीवर ऐकू आला.

"फी कुनी भरायची होती?" गुणाजीने विचारलं.

"ह्यानं!" दामाजी आणि सहदेव एकदमच म्हणाले आणि दोघांची बोटं एकमेकांच्या छातीला लागली.

मग जे झालं ते वाडीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. आषाढातला खर्च कोणाचा, यावर दामाजीने आपल्या आजोबांची शपथ घेतली. आजोबा दोघांचे एकच असल्याने सहदेवनेही तीच घेतली. सहदेवने त्याला अडाणी म्हटलं, दामाजीने त्याला घरजावई म्हटलं, जे तो नव्हता, पण त्याचा ब्लॉक सासुरवाडीच्या गल्लीत होता एवढ्यावरून हे बोलणं दहा वर्षं तयार होतं. दोघांचंही म्हणणं बापजाद्यांच्या रीतीला धरून होतं. दोघंही खरे, दोघंही शहाणे, आणि जागा गेली होती.

"कोन तो अमेरिकावाला?" गुणाजी खाली बघत म्हणाला. "दुसऱ्याच्या पान्यात खुंट मारतो, त्याला आयबापानं काय शिकवलंच नाय का?"

प्रमोदिनीने उलथनं खाली ठेवलं आणि चंद्रभागेला हलकेच बाजूला करून ती ओटीवर आली.

"बाबा, तो अमेरिकावाला म्हणजे माझा विठ्ठलदादा. पत्ता त्याचा आहे, नाव माझं आहे. नाव सुटल्यावर मी त्याला घ्यायला सांगितलं."

कुणाला काही कळेना. पहिला सावरला दामाजी.

"म्हंजे... घरातच हाय?"

"घरातच आहे!" सहदेवने कपाळावरचा घाम पुसला. "व्हेरी स्मार्ट, सूनबाई! इस्टेट वाचवलीत तुम्ही घराची."

"शाबास गो बाय!" दामाजीने केळ्यांचा घड तिच्याकडे सरकवला. "अरे, मी म्हनलंच होतं, रतनची बायको शिकलेली हाय! चला, सुटलो. आता बोला, साल कुनाचं?"

"थांब, आधी सीतारामला फोन कर. म्हणावं, सूनबाई सही करतील."

"सही काय, करंल ती. चंद्र उगवल्यावर का आधी, ते ठरवा."

आणि खरोखरच ते पुन्हा तिथून सुरू झाले. इतकं सोपं होतं ते. ती ओटीच्या मधोमध उभी होती आणि दोन्ही बाजूंनी तिच्या अंगावरून वाटे पडत होते. चंद्रभागासुद्धा स्लॅबचा विषय पुन्हा काढायला पुढे सरकली. प्रमोदिनीला वाटलं, आपण मोठ्याने ओरडावं. पण ती ओरडली नाही.

"काका," ती म्हणाली, "वाटे नाहीत."

"काय?"

"सही मी करीन. विकायचं की नाही तेही मीच ठरवीन. त्यात कुणाचं साल नाही."

आता मात्र कळलं. सहदेवचं 'सूनबाई' गळून पडलं. "हे बघ, तू या घरात आहेस, या घरचं खातेस. तुझं वेगळं ते काय?"

"परक्याची पोर शेवटी!" दामाजीने घड परत ओढून घेतला. "रतन, अरे, तोंडात काय धरून बसलास? सांग ना तुझ्या बायकोला!"

सगळे रतनकडे बघायला लागले. रतन बापाकडे बघायला लागला.

"प्रमो, अगं..." तो म्हणाला. "सगळ्यांचं आहे ना ते."

हे असंच होणार हे प्रमोदिनीला माहीत होतं. "जूनमध्ये मी तुला सांगितलेलं की नाही, नाव सुटतंय म्हणून?"

"सांगितलेलंस."

"काकांना फोन केलेला?"

"दोघांनाही केलेलास."

"आणि बाबांना?"

गुणाजीने मान वर केली. त्याने सुनेकडे एवढं रोखून कधी पाहिलं नव्हतं.

"मना सांगलं होतं हिनं," तो म्हणाला. "मीच म्हनलं, दुसऱ्याच्या खुंटाला हात लावू नको. बाय, खरं सांग. खुंट सुटला होता, का तू सोडवलास?"

"सुटला होता, बाबा. नंतरची सवलतसुद्धा संपली. तोवर वाट बघितली मी."

"पैसा कुनाचा?"

"विठ्ठलदादाची राखीची ओवाळणी. या घरातला एक पैसा नाही त्यात."

गुणाजीने सुपारी थुंकली. "मग जागा हिची."

"दादा, ती सून हाय!"

"खाडीला काय ठाव, सून का लेक? आपली चौथी जागा कशी आली, सांग मना. पल्याडच्यांनी सोडली, हंगाम गेला तरी खुंट नव्हता, म्हनून आपल्या आजानं मारला. ते लोक भांडायला आले तवा आजानं हेच सांगलं. आजाला एक कायदा नि हिला दुसरा? मग त्या चौथ्या जाग्याचं साल घ्यायला तू शहाडवरनं कशाला येतंस?"

दामाजी घडातली केळी मोजायला लागला. सहदेवने मिठाईचा खोका सरळ केला. प्रमोदिनीचे डोळे भरून आले. या म्हाताऱ्याला ती सहा वर्षं मनातल्या मनात काय काय म्हणत आली होती. आज सगळी ओटी एका बाजूला असताना तो एकटाच तिच्या बाजूने उभा राहिला होता. तिला वाटलं, वाकून त्याच्या पाया पडावं.

पण गुणाजीचं बोलून झालं नव्हतं.

"आनि आजानं तो खुंट मारला त्याच दिवशी त्याच्या बापानं त्याची चूल वेगली केली. एकत्र घरात ऱ्हाऊन कुनी एकट्याचा खुंट मारत नाय. ज्याचा खुंट वेगला, त्याची चूल वेगली." सुनेकडे न बघता तो पुढे म्हणाला, "ह्यो बी कायदाच हाय, बाय. अर्धा पालायचा नि अर्धा सोडायचा, असं मना जमत नाय."

आत चंद्रभागेच्या हातून झाकण पडलं आणि गरगरत राहिलं.

सहा वर्षं जी चूल मागून मिळाली नव्हती ती अशी शिक्षा म्हणून समोर आली, आणि प्रमोदिनीला आनंद होईना. तिला रतनकडे बघवेना. म्हाताऱ्याने शेवटचं बोलून घेतलं होतं. आता रतनला काय पटणार हे उघडच होतं. ती खोलीत जाऊन बॅग भरायची, रतन दारात उभा राहून "अगं, बाबा असंच बोलतात" म्हणायचा, आणि मग ती एकटी चेंदणीला माहेरी. डोक्यात सगळं पार रिक्षात बसेपर्यंत झालं.

खांबाजवळ हालचाल झाली. रतन उठला होता. बाप बसलेला असताना तो ओटीवरून उठलाय, हे दामाजीच्यासुद्धा ध्यानात आलं आणि त्याने भुवई वर केली. रतन कुणाकडे न बघता आत गेला. माळ्यावर काहीतरी खडखडलं, चंद्रभागा "अरे, टोपं पाडशील!" म्हणून ओरडली, आणि थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत जळमटं होती नि हातात पितळी टाकीचा पंपाचा स्टो होता. प्रमोदिनीच्या माहेरून रुखवतात आलेला; घरात गॅस असल्याने तो कधी पेटलाच नव्हता.

"चूल वेगळी म्हटल्यावर हा लागेल ना?" तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मग बापाकडे वळून, "बाबा, आम्ही जेवून निघू, की आधीच निघायचं?"

गुणाजीने आतल्या चुलीकडे हात केला.

"सनाचं जेवन या चुलीवर शिजलंय, त्यात तुमचा वाटा हाय," तो म्हणाला. "जेवून जा."

प्रमोदिनीने पुढे होऊन रतनच्या हातातून स्टो घेतला, कारण तो त्याने उलटा धरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "पिन नाहीये याची. पिनेशिवाय पेटणार नाही."

"दिव्याला मिळेल. स्टेशनच्या बाहेरच दुकान आहे."

"तुला काय माहीत?"

रतनने केसांतलं जळमट काढलं. "मागच्या रविवारी गेलेलो ना. खोली बघायला."

सगळी ओटी त्याच्याकडे बघत होती. त्याला ते कळत होतं, आणि तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता, पण बोलायचा थांबला नाही.

"दुसरा माळा आहे. भिंत आहे तुझ्या कॉम्प्युटरला. पाणी दिवसाआड येतं म्हणाला खोलीवाला."

प्रमोदिनी स्टो पोटाशी धरून तिथेच पायरीवर बसली आणि सासरच्या सगळ्या पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदर न सावरता, मोठमोठ्याने रडायला लागली.